अंगणापलीकडची खिडकी

उद्या लायडनला ऑफिसची जागा बघायला जाताय ना दोघं? खुशाल बघा. हीटर नीट चालतो का, सायकली कुठे लावायच्या, सगळं विचारून घ्या. आणि खोलीत शिरलात की खिडकीतून समोर काय दिसतं, तेही एकदा बघा. समता, हसू नकोस; ओमकार, तूही ऐक. इथेच, आपल्या नीउ-व्हेनेपला, आमच्या ओळीत तीन घरं सोडून यतीन राहायचा. त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे.

यतीन आणि कुणाल पुण्यापासूनचे मित्र. द हेगला एकाच कंपनीत होते. मागेपुढे दोघांनी नोकरी सोडली आणि आपापला धंदा काढला. लायडनला एक जुनी घोंगड्यांची गिरणी आहे, तिची ऑफिसं करून भाड्याने देतात. मधे फरसबंद अंगण, तिन्ही बाजूंनी इमारत. ती जागा शोधली यतीनने. तिसऱ्या मजल्यावरची खोली त्याच्या मनात भरली होती. उंच खिडक्या, दिवसभर ऊन. त्याने कौतुकाने कुणालला नेऊन दाखवली. हा घरी बायकोशी, लतिकाशी, विचारविनिमय करत बसला आणि कुणालने दुसऱ्या दिवशी सकाळीच एजंटला होकार कळवून टाकला.

यतीनला मिळाली तळमजल्यावरची, अंगणाच्या दुसऱ्या बाजूची, कुणालच्या खोलीसमोरची. दुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा.

"छान झालं रे," असं तो कुणालला म्हणाला. तोंडाने म्हणाला.

मग रोजचं सुरू झालं. कुणालकडे येणारी माणसं याचं दार ठोठावून विचारायची, कुणाल कुठे बसतो? हा हसून बोट वर करायचा. कुणाल मनाने चांगला. दुपारी स्वतः चहा करून खाली आणायचा. तो चहा याच्या घशाखाली उतरत नसे. मला म्हणायचा, "काका, त्याने एकदा तरी वाईट वागावं हो. म्हणजे मला मोकळेपणाने रागावता येईल." लतिका समजवायची, खोलीच आहे ती, अजून काय. पण पोटात दुखत असलं की शहाणपण कुठलं सुचतंय.

दोन हजार तेवीस. पाच डिसेंबर, मंगळवार. सिंटरक्लासची संध्याकाळ. त्या दिवशी इथली डच माणसं पोरांना भेटी द्यायला लवकर घरी पळतात, तुम्हाला माहीतच आहे. चार वाजता गिरणी रिकामी. साडेचारला काळोख. कुणाल बहिणीच्या लग्नासाठी पुण्याला गेलेला. त्याचा यतीनला निरोप आला, माझ्या खोलीतला हीटर चालू राहिलाय, तेवढा बंद करशील का?

यतीनने स्वतःचा दिवा मालवला. दाराला कुलूप लावलं. वर गेला. कुणालची दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची.

हीटर बंद केला. आणि मग... निघाला नाही. कुणालच्या खुर्चीत बसला. पाय लांब केले. मनात आलं, कुणाल तिकडून परतच आला नाही तर?

असं मनात आलं त्याच्या. त्याने स्वतः मला सांगितलं.

मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. खाली, अंगणापलीकडे, त्याची स्वतःची खिडकी. अंधारी. अंगणातल्या खांबावरच्या दिव्याचा थोडासा उजेड काचेवर.

आत कुणीतरी बसलं होतं.

त्याच्या टेबलाशी. कपाळ काचेला टेकवून. वर बघत.

"क्लीनर असेल," ओमकार म्हणतोय. यतीनलाही तसंच वाटलं. त्याने हात केला. खालचं हललं नाही. याने खोलीतला दिवा मालवला. तरी ते तसंच. वर बघत. याच्याकडेच.

त्याने कुणालला फोन लावला. तिकडे सनईचा आवाज, माणसांचा गोंगाट.

"कुणाल, माझ्या खोलीत कुणीतरी बसलंय."

"तू कुठे आहेस?"

"वर. तुझ्या खोलीत."

तिकडचा गोंगाट कमी झाला. कुणाल बाजूला गेला असावा.

"यतीन... तो तू नाहीस?"

"म्हणजे?"

"रोज संध्याकाळी दिसतो. दिवा न लावता. काचेला कपाळ लावून वर बघत बसलेला. मला वाटायचं तूच आहेस. वाईट वाटायचं. म्हणून विचारलं नाही."

यतीन रोज पाचला निघायचा. मुलीला पाळणाघरातून आणायला.

त्याने पुन्हा खाली पाहिलं.

खिडकी रिकामी.

मग जिना वाजला. खालचा. लाकडी आहे तो. सावकाश. एक मजला... दुसरा... तिसरा...

आवाज दाराबाहेर थांबला.

टकटक नाही. श्वास नाही. काही नाही.

यतीन दाराकडे बघत राहिला. फोन कानाला.

"कुणाल," तो म्हणाला, "ही खोली मला हवी होती."

"माहीत आहे रे."

"तू परत येऊ नयेस, असं मनात आलं माझ्या. आत्ता. इथे बसून."

कुणालने फोन ठेवला नाही.

बराच वेळ...

मग जिना वाजला. खाली जाताना. तेवढाच सावकाश.

"आता नीघ," कुणाल म्हणाला. "मी फोनवर आहे." रस्त्यावर लोकांत पोचेपर्यंत तो यतीनशी बोलत राहिला. काय, तर बहिणीच्या हळदीत कोण काय जेवलं ते.

कुणाल आठवड्याने सुखरूप परत आला. दोघांनी ती जागा सोडली. आता होफडॉर्पला एकाच खोलीत बसतात, भांडतात, एकत्र चहा पितात.

त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यतीनबरोबर त्याच्या खोलीवर मी गेलो होतो. त्याला एकट्याला जाववेना. इमारतीचा केअरटेकर सोबत होता. दाराचं कुलूप शाबूत. आत सगळं जागच्या जागी. फक्त खिडकीच्या काचेवर, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, एक तेलकट डाग होता. कपाळाएवढा.

केअरटेकरने आतून पुसला. गेला नाही. अंगणात जाऊन बाहेरून पुसला. गेला नाही. मग त्याने काचेला गाल लावून तिरकं पाहिलं, आणि फडकं खिशात घातलं.

इथल्या खिडक्यांना दोन काचा असतात. कारखान्यातूनच बंद होऊन येतात, मधे हवासुद्धा शिरत नाही.

डाग त्या दोन काचांच्या मधे होता.