हरीण वाढलं

जुन्या बाजारात रविवारी सकाळी नम्रतानं एक काचेचा मासा उचलून उन्हात धरला, आणि त्याचा हिरवा-जांभळा पट्टा पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन पडला. एवढंच झालं खरं तर. पण तो आपल्या खिशाकडे बघत म्हणाला, "अहो, तुमचा हिरवा माझ्याकडे आलाय. परत हवाय का?"

"राहू दे," ती म्हणाली. अनोळखी पुरुषाशी एवढंसुद्धा ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती.

"रंग पडतायत म्हणजे क्रिस्टल आहे हं. साधी काच इतकी दिलदार नसते. घ्या ना."

"मी घेत नाही. नुसती बघते."

ताडपत्रीवर मांडून बसलेल्या दुकानदारानं मान वर केली. "नुसतं बघायचं तर संग्रहालय आहे की पुण्यात. तिकीट काढा, दिवसभर बघा."

तिला हसू आलं. मासा तिनं खाली ठेवला... आणि त्या माणसानं तो लगेच घेऊन टाकला. सलिल त्याचं नाव. मूळचा धुळ्याचा, नोकरी हिंजवडीत, आणि काचेचे प्राणी जमवायचा भारी नाद.

पुढचे रविवार मग दोघांचेच झाले. आधी बाजार पालथा घालायचा, मग अमृततुल्यमध्ये चहा. तो कान तुटलेला ससासुद्धा कौतुकानं उचलायचा, भावात हमखास फसायचा, आणि ती त्याची भरपूर थट्टा करायची. "दुकानदार तुझ्या नावानं रोज दिवा लावत असतील!" चहाचा ग्लास देता-घेता बोटांना बोटं लागायची, आणि दोघंही उगीचच रस्त्याकडे बघायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते त्यांनाही कळलं नाही.

ती स्वतः मात्र कधीच काही घेत नसे. का, ते तिनं एकदा सांगितलं.

"अभय आणायचा. माझा नवरा. जिथं जाईल तिथून काचेचं काहीतरी. हंस, घोडा, पोपट... शेवटचं हरीण. मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि... गेला. त्यानंतर शोकेसमध्ये मी नवीन काही ठेवलेलं नाही. ठेववतच नाही."

सलिल रिकामा ग्लास हातात फिरवत बसला. मग एकदम म्हणाला, "तो मासा मी तुझ्यासाठीच घेतला होता. अगदी पहिल्या दिवशी. कधी वाटलं तर... शोकेसमध्ये त्याला जागा देशील? आणि—" त्याचे कान लाल झाले. "आणि त्याच्याबरोबर मलाही?"

हो म्हणावंसं तिला इतकं वाटलं, की तिची तीच घाबरली. कारण खडकीच्या घरी मालनबाई होत्या. तिच्या सासूबाई.

अभय गेला त्या दिवशी चार बायका नम्रताच्या बांगड्या फोडायला पुढं आल्या, तेव्हा याच मालनबाई आडव्या उभ्या राहिल्या होत्या. "माझ्या सुनेच्या हाताला हात लावाल तर याद राखा!" पोटचा मुलगा समोर निजवलेला, आणि ही बाई सुनेसाठी भांडत होती. त्या दिवसापासून 'फुटलं' हा शब्दच घरातून हद्दपार झाला. बांगडीसारखाच कपही वाढायचा आणि बरणीही वाढायची. अशा बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं, की मला दुसरं कुणी आवडायला लागलंय?

"मला थोडा वेळ दे," नम्रता म्हणाली. सलिलनं मान डोलावली.

आणि त्याच आठवड्यात मालनबाई शोकेस पुसत असताना त्यांच्या हातातून हरीण निसटलं.

"अगं बाई! नमू... हरीण वाढलं गं!"

नम्रतानं फरशीवरचा एकेक तुकडा वेचला. आपण मनातल्या मनात हो म्हणत होतो आणि आजच हे व्हावं? अभयला रुचलं नाही, दुसरं काय! रडायला एकच माणूस आठवला. तिनं सलिलला मेसेज केला, 'हरीण वाढलं.'

उत्तर लगेच आलं. 'अरे वा! अभिनंदन!! शोकेस उघडलं म्हणायचं! आता माशाचा नंबर कधी?' आणि पुढं हसरे चेहरे.

तिला वाचून खरं वाटेना. इतका निर्दय निघाला हा? 'पुन्हा मला फोन करू नकोस,' एवढं लिहून ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

त्याचे फोन आले, तिनं घेतले नाहीत. पुढच्या रविवारी ती बाजारात गेली नाही. दुपारी पोळ्या लाटत असताना बेल वाजली, आणि मालनबाईंनी दार उघडलं. दारात सलिल होता. दाढी वाढलेली, हातात एक पायमोजा, आणि मोज्यात काहीतरी जड.

"काकू, मी सलिल. नम्रताचा... मित्र. मी आत येत नाही. फक्त माझं काय चुकलं, तेवढं सांगा. तिनं कळवलं, हरीण वाढलं. मला वाटलं, एक होतं त्याची दोन झाली. मी आपलं अभिनंदन केलं, तर ती बोलायचीच बंद झाली!"

आत नम्रताचं लाटणं थांबलं.

मालनबाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "घरी बाईमाणूस कोण आहे तुमच्या?"

"कुणीच नाही. आई फार लवकर गेली. वडील आणि आम्ही तिघं भाऊ."

"म्हणजे बांगडी वाढली, असं कधी कानावरच पडलं नाही."

"बांगडी कशी वाढेल?"

"अरे बाबा, वाढली म्हणजे फुटली! बांगडीला फुटली म्हणत नाहीत, वाईट असतं ते. म्हणून वाढली म्हणायचं."

सलिलचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे ते हरीण... अभयनं दिलेलं? आणि मी तिला..." तो मटकन पायरीवरच बसला. "अरे देवा! काय करून बसलो मी हे!"

पिठाचे हात तसेच घेऊन नम्रता बाहेर आली. त्याला बघून तिला हसावं की रडावं ते कळेना. मालनबाईंचं लक्ष मात्र मोज्याकडे होतं. "ते काय आहे?"

"मासा. काचेचा. नम्रताच्या शोकेससाठी... होता."

मालनबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. त्यांना सगळं कळलं.

"आई, मी सांगणारच होते तुम्हाला..."

"थांब. आधी मला बोलू दे. ते हरीण फुटलं, नमू." इतक्या वर्षांनी तो शब्द त्या घरात उच्चारला गेला. "वाढलं नाही, फुटलं. माझ्या हातून फुटलं. आणि माझा अभय गेला. मी मेली एक शब्द दडवून बसले, तुलाही बसवलं, म्हणून काही तो परत आला नाही." त्यांनी सुनेचं पिठाचं मनगट धरलं. "तुझ्या बांगड्या मी वाचवल्या, त्या तू हौसेनं घालाव्यास म्हणून. या कपाटाची राखण करायला नव्हे!"

नम्रतानं त्यांना मिठी मारली. पीठ साडीभर झालं. आजवर दोघी एकमेकींपासून लपून रडत आल्या होत्या, आज गळ्यात गळा घालून रडल्या. पायरीवर सलिल मोज्यानंच डोळे पुसत होता.

"ऊठ रे, पायरीवर काय बसलास," मालनबाई नाक ओढत म्हणाल्या. "आणि तो मासा धुऊन ठेवा. मोज्यातला आहे." त्या आत निघून गेल्या.

नम्रतानं मासा धुतला, पुसला आणि शोकेस उघडलं. हरणाची जागा तिनं रिकामीच ठेवली. मासा खालच्या कप्प्यात ठेवला, खिडकीच्या बाजूला. ऊन लागलं आणि एक हिरवा ठिपका तिच्या मनगटावर येऊन थरथरला.

"माझा हिरवा तुझ्याकडे आलाय," सलिल हळूच म्हणाला. "परत..."

"नाही देणार," ती म्हणाली. "आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे, सलिल. मला तू हवा आहेस."

तो काही बोलणार, तेवढ्यात आतून हाक आली, "नमू, पानं वाढली गं!"

सलिल दचकला. "आता काय फुटलं?"

नम्रता हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "काही नाही फुटलं, वेड्या. जेवायला बोलावतायत."

त्याचा हात धरून ती आत गेली. मालनबाईंनी तीन ताटं वाढली होती.