पंचेचाळीसच्या खाली

या, पुढे सरका. तो कोपऱ्यातला दिवा बंद केलात तरी चालेल. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. ज्याच्या बाबतीत घडली, तो अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलाशी बसायचा. त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणायचो. काचेवर बोट नेमकं कुठं लागलं हे यंत्राला समजावून सांगणारा प्रोग्रॅम असतो ना, तो ड्रायव्हर. तो लिहिणं हे त्याचं काम. नातेवाईक मात्र बरीच वर्षं विचारायचे, "ट्रक चालवतोस की बस?"

तर, मार्चची एकोणीस तारीख, गुरुवार. संध्याकाळी साहेब त्याला म्हणाले, "तुझ्या वडिलांकडे लावलेलं पॅनेल परत आण रे, चाचणीला हवंय."

वडील जाऊन दहा दिवस झाले होते. हा तिसऱ्याच दिवशी कामावर आला होता. रडला नाही, चिडला नाही. डबा खायचा, कोड लिहायचा. कुणी चौकशी केली तर "ठीक आहे" म्हणायचा आणि खरंच तसा दिसायचा. ठीक. रिकामा.

वडिलांना अर्धांगवायू झाला होता, वाचा गेली होती. म्हणून यानंच त्यांच्या उशाशी भिंतीवर हे पॅनेल, म्हणजे टचस्क्रीन, बसवून दिलं होतं. त्यावर चार चौकोन: पाणी, दुखतंय, कूस बदल, ये. चौकोनावर बोट ठेवलं की पलीकडच्या खोलीत ताईच्या उशाशी घंटी वाजायची.

पावणेदहाला तो वडिलांच्या घरी पोहोचला. ताईनं दार उघडलं.

"जेवलास?"

"हो."

"खोटारडा. हात धू आधी."

तो जेवला. काय जेवला ते पुढं त्याला आठवलं नाही.

"तुझ्या यंत्रानं सुरुवातीला काय छळलंय मला!" ताई समोर बसून सांगत होती. "बाबा गाढ झोपलेले आणि घंटी आपली वाजतेय. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. मग तू येऊन काय केलंस देव जाणे, गप्प झालं बापडं."

काय केलं ते त्याला ठाऊक होतं. चार्जर खराब असला की काचेला नसलेली बोटं भासतात. आमच्या धंद्यात त्याला भुताचा स्पर्शच म्हणतात. हसू नका. प्रत्येक स्पर्शाला एक आकडा मिळतो, तो किती ठसठशीत आहे त्याचा. यानं चार्जर बदलायचं सोडून हद्द घालून टाकली होती. पंचेचाळीसच्या खाली आकडा आला की तो स्पर्शच नव्हे. टाकून द्यायचा.

"शेवटच्या रात्री एकदाही वाजलं नाही," ताई म्हणाली. "झोपेतच गेले रे. तेवढंच समाधान."

"हं," तो म्हणाला.

ताई झोपायला गेली. हा वडिलांच्या खोलीत आला. गादी गुंडाळून ठेवलेली, पलंगाच्या उघड्या फळ्या. पॅनेल भिंतीवर चालूच होतं. काढण्याआधी आतली नोंद उतरवून घ्यायची, ही त्याची सवय. लॅपटॉप जोडला. टाकून दिलेल्या स्पर्शांचीही नोंद पॅनेल ठेवतं. त्यानं नऊ तारीख उघडली, वडील गेले ती.

दोन वाजून दहा. चौकोन: ये. अडतीस. टाकला.

दोन वाजून अकरा. ये. सदतीस. टाकला.

अशा एकसष्ट ओळी. शेवटची तीन पस्तीसची. एकोणतीस. टाकला.

म्हाताऱ्या माणसाची बोटं कोरडी असतात. त्यात ती गार पडत चाललेली. काचेला जेमतेम जाणवणारी.

त्यानं सगळ्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही.

मग खाली एक ओळ उमटली. आजच्या तारखेची.

बारा वाजून सात. ये. एकोणतीस. टाकला.

त्यानं चार्जर उपटला. पॅनेल आता बॅटरीवर चालू होतं. चार्जरचाच दोष असेल तर आता थांबायला हवं.

ये. तेहेतीस. टाकला.

त्यानं पॅनेल भिंतीवरून उतरवून मागून उघडलं. काचेकडून बोर्डाकडे एक चपटी पट्टी जाते. ती काढली की काच आंधळी. त्यानं ती काढली. हातात धरली.

ये. अडतीस.

खोलीत आवाज नव्हता. पंखाही बंद.

ये. एक्केचाळीस.

ये. त्रेचाळीस.

तो पाहत राहिला.

ये. चव्वेचाळीस...

मग काहीच नाही. अर्धा मिनिट. एक मिनिट...

पंचेचाळीस.

पलीकडच्या खोलीत घंटी वाजली.

"आले, बाबा, आले!" ताई झोपेतच ओरडली. आणि मग... गप्प. तिला आठवलं असणार.

त्यानं आपला तळवा काचेवर ठेवला. का, ते त्याला आजही सांगता येत नाही. काच बर्फासारखी होती.

"आलो," तो म्हणाला.

ओळी थांबल्या.

ताई दारात उभी होती. चेहरा पांढराफटक. "वाजलं ना? मी ऐकलं."

त्यानं लॅपटॉप मिटला. "चार्जर खराब आहे, ताई. झोप तू."

ती वळून आपल्या खोलीत गेली. त्या एकसष्ट ओळींबद्दल त्यानं तिला आजवर सांगितलेलं नाही.

सकाळी पॅनेल आमच्या टेबलावर आलं. काचा तपासणारा आमचा कारागीर, जुना माणूस, कमी बोलणारा. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यानं काच दिव्याखाली तिरकी धरली, फडक्यानं पुसली. परत पुसली. मग उलटी करून मागून पुसली.

"अहो," तो म्हणाला, "ही काच आणि खालचा थर कारखान्यातच डिंकानं चिकटवून येतात ना? मध्ये हवासुद्धा शिरत नाही?"

"हो. का?"

त्यानं काच माझ्यापुढे धरली. पाच बोटांचे ठसे होते, पुसट, वाफ धरल्यासारखे. मी वरून नख घासून पाहिलं. खालून घासून पाहिलं.

ठसे मधल्या थरात होते.