राहिलेली आंघोळ

शिवणवाली पडद्यांचं कापड पोचवायला गेली होती. काम साधं होतं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. ऊन उतरलं होतं. ठकीला, आपल्या लेकीला, तिने पायरीवर बसवलं, हलू नकोस म्हणून बजावलं आणि ती गेली.

परतली तेव्हा ठकी पायरीवरच होती. पण तिच्या तोंडातून लाळ गळत होती, फ्रॉक घामाने चिंब झाला होता, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ओळखायला वेळ लावला नाही. सुई टोचली, नळी लावली, आणि मग विचारलं, घरात औषध कुठे ठेवता? शिवणवालीला वाटलं, गोळ्यांबद्दल विचारताहेत. बाई म्हणाल्या, तसलं नव्हे, झाडांवर मारतात ते. पोरीच्या अंगात तेच गेलंय.

 शिवणवालीचा नवरा मोठ्या फळबागेत फवारणीवाला होता. पाठीवर पंप अडकवून दिवसभर झाडांमधून फिरायचा आणि बेसूर गायचा. म्हणायचा, किडे औषधाने मरत नाहीत गं, माझ्या गाण्याने जीव देतात. पण संध्याकाळी घरी आला की मागच्या नळावर अंग घासून घेतल्याशिवाय लेकीला हात लावायचा नाही. ठकी हात पसरून उभी राहायची आणि तो लांबूनच तिला थांब, थांब म्हणायचा.

गेल्या हंगामात, वारा पडलेल्या एका दुपारी, तो झाडाखाली टेकला तो उठलाच नाही. दवाखान्यातून त्याला प्लास्टिकमध्ये बांधूनच दिला. उघडू नका, अंगावर विष आहे, असं सांगितलं. तिने उघडलं नाही. त्याचे कपडे, बूट, पंप, सगळं बागेतच राहिलं. घरात औषधाचा थेंबसुद्धा नव्हता.

ठकी बरी होऊन घरी आली आणि आठवडा व्हायच्या आत पुन्हा तशीच आडवी झाली. मग शिवणवालीने घर धुऊन काढलं. गाद्या जाळल्या, डबे फेकले, नळाचं पाणी बंद करून लांबून भरून आणलं. शेजारीण म्हणाली, डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. एवढं करूनही अंथरुणात तो वास यायचाच. लसणासारखा उग्र, घशात चिकटणारा.

शेवटी तिने लेकीलाच जवळ घेऊन विचारलं, तू काही खाल्लंस का, कशाला हात लावलास का.

ठकी म्हणाली, "नाही. बाबा फक्त कडेवर घेतात."

त्या संध्याकाळी ती मशीनमागे बसून राहिली. पायडल थांबवलेलं, दार उघडं. उजेड विटत चालला होता. आधी वास आला. मग बाहेर ओले बूट ओढल्यासारखा आवाज... ठकी उठली, दारात गेली, तिने हात वर केले. आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले.

शिवणवाली धावली. लेकीला तिने ओढून घेतलं तेव्हा कोणीतरी सोडायला तयार नसल्यासारखी ओढ लागली. फ्रॉकच्या पाठीवर पंज्याचा ओला, पांढरट डाग होता.

दार लावून, कडी घालून काही उपयोग झाला नाही. ज्याचं घर, त्याला कडी कोण घालणार? तिसऱ्या खेपेला ठकीचा श्वासच अडकला. डॉक्टरीणबाई शिवणवालीला बाजूला घेऊन म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही.

ती दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. भावाच्या घरी पळावं, तर तो तिथेही येईल. पोरीवर जीव होता त्याचा. त्याला वाईट काही करायचंच नव्हतं, हेच तर सगळ्यात वाईट होतं. मग तिच्या मनात लख्ख आलं. तो गेला त्या दिवशी त्याची आंघोळ राहिली होती. तो होता तसाच, अंगावर विष घेऊन निघाला होता, आणि तसाच येत होता.

ठकीला घरी आणलं त्या संध्याकाळी तिने दाराबाहेर बादली भरून ठेवली. तांब्या, साबण, घासणी, धुतलेला सदरा ठेवला. वास आला तशी ती उंबऱ्यात आडवी बसली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आधी अंग धुवा. पाया पडते तुमच्या... मग या."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग तांब्या बुडाल्याचा आवाज आला. पाणी पडलं. पुन्हा पडलं. आणि पाण्याच्या आवाजात कोणीतरी बेसूर गुणगुणलं. तिने पदर तोंडात कोंबला.

सकाळी बादलीतलं पाणी दुधासारखं झालं होतं. ओतलं तिथलं गवत दुपारपर्यंत करपलं. पण ठकी बरी राहिली. रोज बादली, रोज गुणगुण, आणि झोपेत ठकीच्या केसांवरून फिरणारा हात, ज्याला आता फक्त साबणाचा वास होता. शिवणवाली कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

मग एका संध्याकाळी गुणगुण थांबल्यावरही पाणी पडतच राहिलं. ती दाराशी गेली. बाहेर कोणी खोकलं. त्याच्यामागे आणखी कोणी खोकलं, आणि त्याच्याही मागे, गल्लीभर, थेट बागेच्या वाटेपर्यंत.

"वहिनी," एक अनोळखी आवाज अगदी अदबीने म्हणाला, "अजून थोडं पाणी मिळेल का... आम्ही बरेच जण आहोत."

ती पाणी देत राहिली. बादली दाराबाहेर सरकवायची आणि रिकामी झाली की आत ओढायची. हात भरून आले, पिंप तळाला गेलं, तरी दिवस उजाडेपर्यंत तिने नाही म्हटलं नाही. घरी मुलांपाशी जायचं असेल बिचाऱ्यांना, एवढंच ती स्वतःला सांगत राहिली.

उजेडात तिने बादली घासायला घेतली. काठाला पांढरे पंजे वाळले होते, रुंद, कामाचे. पण अगदी खाली, बुडाजवळ, आणखी काही होते. तिने ठकीला हाक मारली आणि तिचा तळवा त्यांतल्या एकावर ठेवून पाहिला.

ठकीचा हात मोठा होता. पुष्कळच मोठा.