हातानं शोधा

जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधणाऱ्यांच्या आमच्या क्लबात नवीन माणूस आला की तिसऱ्या मिनिटाला तोच प्रश्न विचारतो. मेटल डिटेक्टर घेतला, आता पिनपॉइंटरही घ्यावा लागेल का? बावीस वर्षं मी एकच उत्तर देत आलो. नाही. आधी हातानं शोधा.

पिनपॉइंटर म्हणजे गाजराएवढा, गाजराच्याच रंगाचा दांडा. मोठं मशीन सांगतं की इथे खाली धातू आहे. तुम्ही खड्डा खणता आणि हा दांडा आत घालता. धातूजवळ गेला की तो हातात थरथरतो. तो नसेल तर मूठ मूठ माती उचलून मशीनच्या तबकडीवरून फिरवायची. ज्या मुठीला आवाज, त्या मुठीत वस्तू. वेळ जातो, पण माती कळायला लागते. दुकानदारांना आणि त्यांच्याकडून फुकट माल घेऊन व्हिडिओ करणाऱ्या पोपटांना हे ऐकवत नाही. त्याला माझा इलाज नाही.

दांडा माझ्याकडे आहे, म्हणजे होता. त्याची एक सोय चांगली होती. पाच मिनिटं तो हलला नाही तर आपणहून वाजायला लागायचा, दर तीन सेकंदांनी एक बारीक टीं. आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी तो खड्ड्यात विसरतो आणि वरून माती ढकलून मोकळा होतो, म्हणून ही सोय.

ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी चॅपलच्या मागच्या खोलीत, क्लबच्या सभेला, हेझल ब्रमिट आली. पंचेचाळिशीची, कोबीच्या पॅकिंग शेडमध्ये मुकादम. आवाज तसाच, मशीनवरून ओरडून ओरडून घडलेला. तिनंही तेच विचारलं. मी तेच सांगितलं.

"म्हणजे तुमच्याकडे आहे आणि मला नको," ती म्हणाली.

"तू आधी शीक."

"मला शिकायचं नाही. मला एक वस्तू काढायची आहे. मग हे मशीन विकून मी घरी."

वस्तू म्हणजे तिच्या आईची लग्नाची अंगठी. अठ्ठ्याहत्तर साली बटाटे वेचताना एडाच्या बोटातून ती गळली, डाऊज नावाच्या शेतकऱ्याच्या बारा एकरांच्या तुकड्यात, कालव्याच्या बाजूला. एडा आणि तिचा नवरा सिरिल अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर शोधत होते. एडा जाऊन अकरा वर्षं झाली. सिरिल आता शहाऐंशीचा, ऑगस्टपासून वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेला. डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितले होते. त्याचं एकच मागणं होतं. शवपेटीत अंगठी बरोबर हवी.

"ओळखायची कशी?" मी विचारलं.

"कडेला एक खाच आहे, बटाट्याच्या चाळणीत अडकून पडलेली. आईच्या बोटाचा सांधा जाड होता. चर्चमध्ये ती चढेना, तर बाबांनी नट आवळावा तशी फिरवत फिरवत बसवली. पाद्रीसुद्धा हसला म्हणे."

मी यायचं कबूल केलं. नंतर कळलं की डाऊजनं त्या शेतात हिरवं खत टाकलंय.

नाव हिरवं. शहरातले लोक बागेच्या कचऱ्याच्या डब्यात गवत टाकतात आणि गवताखाली लपवून बाकी सगळं टाकतात. ते सगळं एका यंत्रात दळतात, चाळल्यासारखं करतात आणि ट्रकांनी आमच्या काळ्या मातीवर आणून ओततात. बाळांच्या लंगोटांचा कापूस. कुत्र्यांची घाण, पिशवीत गाठ मारून, पिशवीसकट. बॅटऱ्या, ब्लेडं, बाहुलीचा अर्धा गाल, सुया. याच जमिनीत आम्ही गाजरं पिकवतो आणि तीच गाजरं त्याच लोकांना विकतो. कुणाला ओकारी येत नाही.

शनिवारी सकाळी साडेनऊला डाऊज फाटकापाशी भेटला, हातात चहाचा मग.

"लायनेल, प्रयोगशाळेचा कागद आहे माझ्याकडे. स्वच्छ माल आहे."

"मग त्यातलाच एक चमचा घाल त्या चहात."

"सकाळी सकाळी तोंड उघडतोस आणि हे बाहेर पडतं," तो म्हणाला आणि निघून गेला.

शेतात पाऊल टाकलं तेव्हा बूट आत दबला आणि खालून पचकन आवाज आला. सडलेलं गवत, ओलं कुत्रं आणि त्यावर कसलासा गोड साबण, असा वास होता. माश्या ऑक्टोबरातही होत्या, जड आणि सुस्त. अंगावर बसल्या की उठायच्या नाहीत. मशीन चालू केलं आणि ते पिसाळल्यासारखं ओरडायला लागलं. सोनं आणि चॉकलेटचा वर्ख मशीनला जवळपास सारखेच दिसतात. सोनं हवं असेल तर वर्खाचा प्रत्येक तुकडा खणून काढायचा, दुसरा रस्ता नाही.

हेझलनं रबरी हातमोजे आणले होते. तासाभरात तिनं ते काढून फेकले.

"यात काही कळतच नाही. काच लागते की बटण, सगळं सारखंच."

"घाल ते परत. सुया आहेत इथे."

"तुम्हीच म्हणालात, हातानं शोधा."

मी मशीन उचलून पुढे गेलो. तिला अडवायला हवं होतं.

साडेअकरापर्यंत आमच्या पिशवीत हा माल जमला होता: वर्खाचे शंभरेक तुकडे, डब्यांची झाकणं, सहा बॅटऱ्या आणि दातांच्या कवळीची तार. तारेला गुलाबी हिरडीचा तुकडा चिकटलेला. प्लास्टिकचीच हिरडी, पण हेझल तिच्याकडे पाहून थुंकली.

मग कालव्याच्या कडेपासून वीसेक पावलांवर मशीन अचानक गप्प झालं.

बॅटरी गेली असं मला वाटलं. गेली नव्हती. मागे पाऊल टाकलं की आरडाओरडा, पुढे टाकलं की शांत. दोन पावलं रुंदीचा गोल होता, त्यात वर्खाचा एक कण नाही. आणि बरोबर मध्यभागी एकच आवाज, गोल, स्वच्छ. माझ्या मशीनच्या पडद्यावरचा आकडाच हेझलच्या स्वस्त मशीनवरही आला.

"ही तीच," ती म्हणाली.

"वर्ख असेल."

"लायनेल, तुम्ही लोकांना कधी बरं बोलता का?"

मी फावडं मारलं. हिरवं खत चार बोटं जाड पसरतात, त्याखाली आमची काळी माती लागायला हवी. लागली नाही. वीतभर खणलं तरी तेच खत. हातभर खणलं तरी तेच. उलट खाली ते जास्त ताजं होतं, गवताचं हिरवेपण अजून न गेलेलं, आणि कोमट. खताचा ढीग आतून तापतो हे मला माहीत आहे. चार बोटांचा थर तापत नाही.

हेझल मूठ मूठ काढून तबकडीवरून फिरवत होती. मूठ गप्प, खड्डा बोलत होता. मी पिनपॉइंटर आत घातला. डाव्या भिंतीला तो थरथरला. मी भिंत कापली. तो आणखी आत थरथरला. पुन्हा कापली. प्रत्येक वेळी वस्तू दांड्याच्या टोकापासून बोटभर पुढे. असं होतं कधीकधी, ओल्या मातीत नाणं घसरत जातं. मी ते हेझलला सांगितलंही. सांगताना माझ्या लक्षात आलं की खड्ड्यातला वास बदललाय. घाण होतीच, पण घाणीखालून लॅव्हेंडरच्या पावडरीचा वास येत होता, म्हाताऱ्यांच्या अंगाला लावतात तसल्या.

"दांडा पोचत नाही," मी म्हणालो. "फावड्यानं रुंद करू."

"फावडं लागून तुटली तर?" ती पोटावर पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. तिचा गाल खतावर टेकला होता. एक माशी तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर बसली. तिनं ती उडवली नाही.

"लागली का?"

"थांबा."

"काय लागतंय?"

"मऊ आहे. चरबीसारखं." तिनं खांदा आणखी आत रेटला. "लायनेल, माझं बोट कुणीतरी धरलंय."

"मुळी असेल."

"मुळी फिरवत नाही."

मी तिचा दंड धरून ओढायला लागलो. ती म्हणाली, "ओढू नका, होतंय." हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की मी सोडून दिलं.

मग तिनं स्वतःच हात बाहेर काढला.

खांद्यापर्यंत काळा, चिकट, केसांचे पुंजके आणि चमकी लागलेला. डाव्या हाताच्या अनामिकेत सोन्याची अंगठी होती. सांध्याच्या पलीकडे, पार खाली बसलेली. सांध्यावरचं कातडं सोललं होतं. मी बाटलीतलं पाणी ओतलं. कडेला खाच दिसली.

तिनं अंगठी ओढून पाहिली. हलली नाही.

मी खड्ड्याकडे पाहिलं. का कुणास ठाऊक, मी पिनपॉइंटर पुन्हा आत घातला, हात पोचेल तितका खोल.

तो थरथरला.

आणि माझ्या हातातून गेला. कुणी ओढला असं मी म्हणणार नाही. माझा हात ओला होता, खत तेलकट होतं, दांडा निसटला.

खड्डा आम्ही दोघांनी लाथांनी बुजवला. गाडीकडे निघालो, फाटकापर्यंत पोचलो, तेव्हा मागे शेतातून बारीक आवाज आला. टीं. मग तीन सेकंद. मग टीं. मातीखालून तो तिथपर्यंत ऐकू यायला नको होता.

"काढायचा नाही?" हेझलनं विचारलं.

"नाही."

गाडीतल्या घड्याळात बारा चाळीस झाले होते.

वृद्धाश्रम तिथून बारा मैल. वाटेत हेझलनं थुंकी लावली, माझ्या जेवणाच्या डब्यातलं लोणी लावलं. अंगठी तसूभर सरकली नाही. बोट सुजलंय, उद्या सोनाराकडून कापून घे, असं मी म्हणालो. गाडीत वास मावत नव्हता. खिडक्या उघड्या ठेवून आम्ही गारठत गेलो.

आश्रमातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुऊन आम्ही सिरिलच्या खोलीत गेलो. तिथे रासा होती, त्याची काळजी घेणारी लिथुआनियाची बाई. ती स्टुलावर उभी राहून भिंतीवरच्या धुराच्या अलार्मचं झाकण उघडत होती. खोलीत लॅव्हेंडरच्या पावडरीचा वास होता.

"बरं झालं आलात," रासा म्हणाली. "मी वेडी होईन आता. जेवणाचा ट्रे आणला, बारा चाळीसला, तेव्हापासून चाललंय. कानाच्या मशीनची बॅटरी बदलली. गादीचा अलार्म बंद केला. हाही नाही."

टीं.

ती स्टुलावरून उतरली. सिरिल गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडला होता, दोन्ही हात आत. चेहरा मेणासारखा, पण डोळे जागे.

"सापडली?" त्यानं विचारलं.

हेझलनं हात पुढे केला. "निघत नाही, बाबा. उद्या कापून आणते. मग तुमच्याजवळच राहील."

"कापू नकोस." तो दम घेत थांबला. "नीट बसली आहे. राहू दे. येईल ती तिच्या वेळेला, तुझ्याबरोबर. मला घाई नाही."

हेझल हसली. म्हातारा मायेनं बोलतोय असं तिला वाटलं असावं.

टीं.

पांघरुणातून त्याचा उजवा हात बाहेर आला आणि त्यानं तिचं बोट धरलं. अंगठ्यानं अंगठी अर्धा फेरा फिरवली, आवळल्यासारखी.

हेझलचं हसणं तिथेच राहिलं.

"अहो, हे काय?" रासा वाकली. "सकाळी मी स्वतः घासली होती ही नखं. ऑगस्टपासून हा माणूस पलंगावरून उतरलेला नाही."

पाचही नखांखाली काळं भरलं होतं. अंगठ्याच्या नखात गवताची हिरवी काडी आणि तिला चिकटलेला चॉकलेटचा वर्ख.

त्याचा डावा हात अजून पांघरुणातच होता. टीं तिथून येत होती.

रासानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ओळखीचा वाटतो का हा आवाज?"

मी नाही म्हणालो.