आतून गळणारा तंबू

“हा नको. यात उभं राहिलं की डोकं लागतं,” ताई म्हणाली.

“मग बसायचं!” दुकानदार म्हणाले.

“हाही नको. याला दार एकच. रात्री कुणाला बाहेर जायचं असलं तर सगळ्यांच्या पोटावरून जावं लागेल.”

“मग पाणी कमी प्यायचं!”

सकाळचे जेमतेम आठ वाजले होते. तळ्याकाठी तंबू भाड्याने देणारं ते एकच दुकान, आणि आत आलेली तिन्ही गिऱ्हाइकं अर्धवट झोपेत. ताई तेरा वर्षांची. तिच्या धाकट्या भावाला शंका इतक्या यायच्या की घरात त्याचं नावच शंकासुर पडलं होतं. मावसभाऊ बारा वर्षांचा. तो एकदा झोपला की टाकलेल्या पोत्यासारखा पडून राहायचा, म्हणून त्याला सगळे पोतं म्हणत. काल रात्री हे पोतंसुद्धा तीनदा उठलं होतं. त्यावरून रात्र कशी गेली असेल ते समजून घ्या!

चौथी आई. ती दुकानाबाहेरच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसली होती. आई एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. वॉर्डातल्या दोघीजणी एकदम रजेवर गेल्या आणि गेले दोन महिने आईला धड सुट्टी मिळाली नाही. आता मिळाली होती ती चार रात्रींची. “मला काही बघायचं नाही, कुठे चढायचं नाही. मला फक्त झोपायचंय रे,” असं ती निघताना म्हणाली होती. आणि पहिल्याच रात्री तंबू गळला! पहाटे तिच्या कपाळावर टपकन थेंब पडला, मग दुसरा, मग तिसरा. उशी ओली, पांघरूण ओलं. त्यानंतर आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

“हा घ्या!” दुकानदारांनी एक भलंमोठं बोचकं मुलांपुढे आदळलं. “माझ्याकडचा सगळ्यात जाड तंबू. कालच शिवून आलाय. मुंगी शिरणार नाही आत!”

“मुंगी शिरली तर चालेल,” पोतं जांभई देत म्हणालं. “पाणी नको.”

“पण काका, काल पाऊस कुठे होता?” शंकासुराने तोंड उघडलं. “मग पाणी आलं कुठून?”

“दव! दव पाझरतं.”

“कापडातून?”

“भोकातून.”

“कुठल्या भोकातून?”

“अरे बाबा, सकाळी सकाळी डोकं नको खाऊस! जाड तंबू न्या आणि निवांत झोपा.”

“आणि तो कालचा निळा?” ताईने विचारलं.

“राहू दे तिथेच. सामान ठेवा त्यात. आज उचलून आणायचा कंटाळा आलाय मला.”

जाड तंबू उभा करता करता तिघांच्या अंगाचा पार भुगा झाला. तो निळ्या तंबूच्या शेजारीच, तळ्याच्या अगदी काठाला उभा राहिला. बॅगा निळ्यात गेल्या, माणसं जाडात.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा आई डोक्याला टॉवेल गुंडाळून मधोमध बसलेली होती. छताला आतून थेंबच थेंब लटकले होते. पोतं आ वासून झोपलं होतं आणि त्याच्या वर तर थेंबांची नुसती गर्दी!

“आजची एक रात्र बघू,” आई म्हणाली. “उद्याही असंच झालं तर दुपारच्या गाडीने घरी जाऊ. तिथे निदान छत तरी कोरडं आहे.”

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. पण चिडायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते तिच्यात उरलं नव्हतं. आणि सोमवारी ती अशीच्या अशी ड्युटीवर जाणार होती.

“मी कोरडे कपडे आणतो,” म्हणून शंकासुर निळ्या तंबूत गेला आणि पुढच्याच क्षणी ओरडला, “अरे, इकडे या! लवकर या!”

ताई आणि पोतं डोळे चोळत पोचले.

“साप आहे का?” पोत्याने दारातूनच विचारलं.

“साप नाही. पाणी नाही! एक थेंब नाही! बॅगा कोरड्या, छत कोरडं!”

ताईने छतावरून हात फिरवला. खरंच कोरडं ठणठणीत! काल याच तंबूने आईला आंघोळ घातली होती. जागा तीच, तळं तेच, दवही तेच.

“म्हणजे हा तंबू फक्त माणसांवर गळतो?” पोतं म्हणालं. “बॅगांशी याची दोस्ती आहे?”

“माणसांवर...” ताई पुटपुटली. तिने बॅगेतून जेवायची स्टीलची ताटली काढली. “पोत्या, यावर जोरात हा कर.”

“मी अजून दात घासले नाहीत.”

“कर रे!”

“हाऽऽ!”

गार ताटली पांढरी धुरकट झाली. शंकासुराने तिच्यावरून बोट ओढलं. बोट ओलं!

“आपणच!” तो उडीच मारायच्या बेतात होता, पण अंगात तेवढी ताकद नव्हती म्हणून नुसता बसला. “चौघंजण रात्रभर हाऽऽ करतोय! ती वाफ गार छताला लागते, तिचं पाणी होतं आणि आपल्याच डोक्यावर पडतं!”

“पण तंबूत सगळेच श्वास घेतात,” ताई म्हणाली. “तंबू बनवणाऱ्याला एवढं कळलं नसेल? वाफ बाहेर जायला काहीतरी ठेवलंच असणार त्याने.”

तिघांनी माना वर केल्या. छताच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना, अर्ध्या भाकरीच्या आकाराचे दोन तुकडे शिवलेले होते. शिवण दुहेरी, टाका बारीक, वरून डिंकाचा हात. ताईने कापड चाचपलं तर मागे जाळी लागली. जाड तंबूत जाऊन बघितलं तर तिथेही तेच! आणि प्रत्येक तुकड्याशेजारी खडूची पुसट फुली.

तिघं तडक दुकानात गेली. मागच्या खोलीत तंबू शिवणारे शिंपीकाका मशीनवर बसले होते. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लाल, हिरव्या, करड्या तंबूंचा ढीग खिडकीपर्यंत पोचला होता. काकांच्या चष्म्याच्या काचा जाड होत्या आणि पाठ मशीनसारखीच वाकली होती.

“कुठे फाटलाय?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“फाटला नाहीये. फार छान शिवलाय,” ताई म्हणाली. “या फुल्या कुणी केल्या, काका?”

“मालकांनी. तंबू ओला झाला अशी तक्रार आली की ते तो उन्हात उंच धरतात. जिथून उजेड दिसेल तिथे फुली मारतात. फुली दिसली की मी शिवतो. सहा वर्षं झाली, एक फुली सोडलेली नाही मी!”

“पण वरच्या त्या खिडक्या होत्या, काका. हवेच्या.”

मशीन थांबलं.

“खिडक्या?” शिंपीकाका म्हणाले. “त्यावर फुली होती.”

“आणि शिवलेला तंबू पुन्हा ओला होऊन आला की?” शंकासुराने विचारलं.

“की आणखी फुल्या. येतो, शिवतो, जातो, पुन्हा येतो.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “हा ढीग काही कमी होत नाही, बाळांनो.”

“तुम्ही कधी तंबूत झोपलात?”

“दिवसभर यातच हात घालून बसतो. पुन्हा झोपायलाही हेच?” काका थोडे हसले आणि लगेच गंभीर झाले. “तुमचं खरं असेलही. पण मालकांच्या फुलीवर शिवलंय, मालकांच्या शब्दाशिवाय उसवणार नाही. त्यांना पटवा.”

दुकानदारांना पटवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं.

“बुजवलेली भोकं पुन्हा उघडू? शुद्धीवर आहात ना? शिवणीला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!”

“काका, तुम्ही कधी तंबूत—”

“मला गादी लागते!”

तिघं तळ्याकाठी येऊन बसली. आई झाडाखाली पाठ टेकायला गेली होती, पण शेजारच्या तंबूतली लोकं चेंडू खेळत होती. तीही झोप गेलीच.

“संपलं,” पोतं म्हणालं. “गाडीत झोपू.”

“थांब,” ताई म्हणाली. “त्यांना आपलं ऐकायचं नाही ना? मग त्यांना त्यांच्याच कामाला बोलावू. भोक सापडलंय म्हणून सांगू!”

“खोटं?” शंकासुराने लगेच विचारलं.

“शोधून द्या म्हणू. ते तर खरं आहे!”

संध्याकाळी तळ्यावरून गार वारा सुटला. आईचे पाय शेकायला म्हणून आणलेली कढत पाण्याची बादली तिघांनी जाड तंबूच्या कोपऱ्यात ठेवली आणि पोतं धापा टाकत दुकानात गेलं. “काका, तंबू आतून ओला होतोय! भोक शोधून द्या ना!”

दुकानदार खडू घेऊन जवळजवळ पळतच निघाले. मागून सुयांची पिशवी घेऊन शिंपीकाका.

“दार लावा घट्ट!” आत शिरताच दुकानदारांनी हुकूम सोडला. “अंधार झाल्याशिवाय भोक दिसत नाही!”

“लावतो ना!” शंकासुराने आनंदाने चेन ओढली.

मावळतीचा उजेड कापडावर पडला होता. दुकानदार मान वर करून भोक शोधू लागले. भोक काही सापडेना, पण तोंड कुठे थांबतंय! हे कापड किती महागाचं, हे खांब किती मजबूत, अशी शिवण दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही, लोकांनाच तंबू वापरायची अक्कल नाही! पंधरा मिनिटं झाली. सगळ्यांना घाम फुटला. बादलीतून वाफ निघतच होती.

टप!

थेंब बरोबर दुकानदारांच्या टकलावर पडला.

“गळला!” ते गरजले. “इथेच आहे भोक! फुली मारतो!” पण खडू ओल्या कापडावर उठेचना. तोवर आणखी दोन थेंब आले, एक नाकावर, एक कानावर.

शंकासुराने दार उघडलं. “काका, जरा बाहेर या. हात लावून बघा वरून.”

दुकानदारांनी बाहेरून हात फिरवला. कापड कोरडं होतं. त्यांनी आभाळाकडे बघितलं, तेही कोरडं!

“मग हे पाणी कुठलं?”

“थोडं बादलीचं, थोडं आमचं,” ताई शांतपणे म्हणाली. “आणि बरंचसं तुमच्या भाषणाचं. आत आलेली वाफ जाणार कुठून? दार तुम्ही लावायला लावलंत, खिडक्यांवर तुमच्या फुल्या!”

दुकानदारांनी पुन्हा एकदा बाहेरून कापड चाचपलं. शिंपीकाका मात्र अजून आतच होते. ते त्या अर्धगोल तुकड्यावर बोट फिरवत होते.

“म्हणजे सहा वर्षं मीच लोकांना भिजवत होतो,” ते हळूच म्हणाले.

ताईला एकदम वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. “काका, तुमची शिवणच इतकी पक्की आहे ना, की हवासुद्धा हरली. दुसऱ्या कुणी शिवलं असतं तर कधीच उसवलं असतं आणि तंबू कोरडे राहिले असते!”

काकांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग मालकांकडे. दुकानदारांनी खिशातला रुमाल काढून टक्कल पुसलं आणि मान हलवली. “उसवा,” ते म्हणाले.

“कुठला तंबू उसवायचा? जाड की निळा?” शिंपीकाकांनी कात्री काढत विचारलं.

या वेळी मुलांनी घाई केली नाही. तिघं दोन्ही तंबूंत आडवी पडून बघून आली. जाडात कडेला छत फार खाली होतं, आणि बसल्यावर आईची मान वाकत होती. निळ्याचं कापड पातळ, पण त्याला समोरासमोर दोन दारं होती आणि भिंतीला पाय न लागता चौघं मावत होती. ठरलं, निळाच! शिंपीकाकांनी दोन्ही खिडक्या मोकळ्या केल्या, आणि जाळ्यांवरच्या झडपा वर टेकवून ठेवल्या. मग पाचही जणांनी तंबू उचलून तळ्यापासून लांब, वरच्या अंगाला नेला. तिथे दव कमी आणि वारा जास्त. शेवटची खुंटी ठोकताना पोत्याच्या हातातून दगड दोनदा सुटला.

आई आत आली, बघितलं आणि आडवी झाली. पुढचं विचारू नका. तिघांनाही काही आठवत नाही.

सकाळी ताईने आधी छताला हात लावला. कोरडं! आईच्या उशीला लावला. कोरडी! आई कुशीवर वळून, तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती. तिघं पावलं न वाजवता बाहेर आली आणि तंबूच्या तीन बाजूंना राखणीला बसली. चेंडूवाल्यांना शंकासुराने हात जोडून पार खालच्या मैदानात पिटाळलं.

दहाच्या सुमारास दुकानदार आले. “शाबास रे पठ्ठ्यांनो! काय डोकं चालवलंत! मी सगळ्या—”

“शूऽऽ!” तिघं एकदम म्हणाली.

एवढा मोठा माणूस, पण चटकन उकिडवा बसला. “मी सगळ्या तंबूंच्या खिडक्या उघडायच्या ठरवल्यात,” ते कुजबुजत म्हणाले. “शिंपीकाकांना आज सुट्टी. मीच उसवतोय. बोटं सोलवटली माझी! हुशार पोरं आहात हो तुम्ही.” मग चवड्यांवर चालत ते उतारावरून निघून गेले.

आई उठली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिच्या गालावर उशीची घडी उमटली होती. दारात बसून तिने सगळी हकिकत ऐकून घेतली.

“आमच्या वॉर्डात एखादा पेशंट असा झोपला ना,” शेवटी ती म्हणाली, “की आम्ही त्याला उठवत नाही. त्याच्या जवळच्या माणसांना बाजूला घेऊन सांगतो, तुम्ही फार चांगली काळजी घेतलीत.”

तिने तिघांच्या तारवटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. शंकासुर काहीतरी विचारायला गेला, पण त्याला जांभईच आली.

“आत जा आणि झोपा,” आई म्हणाली. “आता ड्युटीवर मी आहे.”

पोतं सगळ्यात आधी आत गेलं.