पाच नंबरचं फडकं

चूक माझ्या बापाची होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी ‘अरे, वडील आहेत तुझे’ म्हणत मला गप्प करायला नको. वडील आहेत म्हणूनच सांगतोय.

आमचं गॅरेज घराला चिकटून आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की समोर गाडीचं बॉनेट. त्या दुपारी जेवून खाली उतरलो तो साध्या कामासाठी. दादाची गाडी पुरी करायची होती. छोटी, करडी, टर्बोवाली. तिचा हवा आत घेणारा इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट दादाने बदलायला घेतले आणि काम अर्ध्यावर असताना तो गेला. नवे पाइप आठ महिने खोक्यात पडून होते. आता बाबांनी गाडीला गिऱ्हाईक शोधलं होतं आणि त्याला काम झालेलं हवं होतं.

“जमेल ना?” बाबांनी जेवताना विचारलं होतं. “की कॉलेजसारखं हेही मधेच टाकशील?”

“मधेच टाकलेलंच उचलतोय,” मी म्हटलं.

आईने पातेलं जरा जोरात ठेवलं. आमच्या घरात आईचं मत भांड्यांतून ऐकायचं असतं.

दादा कसा गेला ते सांगतो. पाइप बदलण्याआधी दादा इंजिन चालवून तपासायला लागला तेव्हा शेजारचे काका आवाजाबद्दल कुरकुरायला लागले. बाबांनी हुकूम काढला, इंजिन चालू करायचं तर शटर पाडून. दादा शटर पाडायचा, पण सायलेन्सरला रबरी नळी लावून तिचं दुसरं टोक मागच्या सिमेंटच्या भिंतीतल्या भोकात खोचायचा. धूर बाहेर, आपण आत. एका सकाळी ती नळी सायलेन्सरवरून निसटली. दादा टूलबॉक्सला टेकून बसलेला सापडला, पाना हातात तसाच.

“नळी नीट बसवली नव्हती,” भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगायचे. “मुळात निष्काळजीच.”

निष्काळजी. आणि दादा कसा होता? टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, चाक मिनिटाला लाखभर फेरे फिरतं. पाइप उघडा असताना आत साधा नट पडला तरी चाकाचा चुरा. म्हणून पाइप उघडला की तोंडात फडकं कोंबायचं, आणि काम झालं की न विसरता काढायचं. दादाने त्यासाठी सात लाल फडकी वेगळी ठेवली होती. प्रत्येकावर मार्करने नंबर, भिंतीवर सात खिळे. पाइप उघडून काम केलं असेल, तर सातही खिळ्यांवर फडकी दिसल्याशिवाय तो किल्लीला हात लावत नसे. बाबा या प्रकाराला हसायचे. त्यांची पद्धत वेगळी: हाताला येईल ते फडकं घ्यायचं, कोपऱ्याला दातांनी गाठ मारायची, आणि कोंबायचं. ओढून काढायला बरं पडतं म्हणे. दादा त्या गाठीला ‘बाबांची शेंडी’ म्हणायचा.

तो गेल्यापासून पाचवा खिळा रिकामा होता. मी एकदा विचारलं, तर बाबा म्हणाले, “मला काय माहीत? हरवलं असेल.” मला फक्त एवढंच हवं होतं की त्यांनी ‘निष्काळजी’ हा शब्द परत घ्यावा. बाकी काही नको.

शटर मी पूर्ण वर ठेवलं. बाहेर ढगाळ, उजेड राखेसारखा. एअर फिल्टरचा डबा काढला, टर्बोच्या तोंडात दोन नंबर कोंबला. गाडीखाली जाऊन जुना सायलेन्सर उतरवला, त्या पाइपात तीन नंबर. इंजिन थंडगार, बॅटरीची वायरही सोडलेली. जळक्या तेलाचा जुनाच वास होता, त्यात आता आणखी काहीतरी मिसळलं होतं... बंद खोलीत कुणी बराच वेळ झोपल्यावर येतो तसला.

वर येऊन हात पुसत होतो, तर दोन नंबर हलताना दिसला. हळूच आत ओढला गेला. थांबला. मग फुगून बाहेर आला. पुन्हा आत.

वारा असेल म्हणून मागे गेलो. तीन नंबरही तसाच. पुढचा आत गेला की मागचा बाहेर, एका लयीत. इंजिन फिरल्याशिवाय त्यातून हवा अशी आरपार जात नाही, एवढं मला न शिकताही कळतं. पाइपाच्या तोंडाशी तळवा धरला. ओलसर, कोमट हवा लागली. आणि तळाशी बारीक घरघर...

पळालो का नाही? कारण ती लय माझ्या ओळखीची होती. लहानपणी दादा आणि मी एकाच पलंगावर झोपायचो.

काम सोडलं नाही. नवा इनटेक बसवला, मागे मोठा पाइप आणि सरळ सायलेन्सर. फडकी काढली, खिळ्यांवर टांगली, मोजली. सहा. होती तेवढी सगळी. बॅटरी जोडून किल्ली फिरवली.

गाडी उठली, भरदार आवाजात. मिनिटभर छान चालली, मग घुसमटायला लागली. पेडल दाबलं की गुदमरायची, सोडलं की मोठा सुस्कारा टाकायची. तोंडावर हात दाबलेला माणूस आतून बोलू पाहतो ना, तसा आवाज. मी किल्ली बंद केली. इंजिन थांबलं. तो आवाज आणखी दोन-तीन क्षण चालू राहिला...

क्लॅम्प सोडवला आणि नुकताच बसवलेला पाइप उचकटला. टर्बोच्या तोंडात लाल कापड. ओढून काढलं. गरम, ओलं. सगळ्यावर सिमेंटची भुकटी. मार्करचा पाच. आणि कोपऱ्याला गाठ.

“हे कुठे मिळालं?”

बाबा पायरीवर उभे होते. त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, गाठीकडे होती.

“तुम्ही कुठे ठेवलं होतं?” मी विचारलं.

“मी... ते जाळलं होतं. माझ्या हाताने. मागच्या अंगणात.”

मग ते आपणच पुटपुटत राहिले. “धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत जायचा. रोज कटकट. हाताला आलं ते फडकं कोंबून मी बाहेरून भोक बुजवलं... म्हटलं, तासाभराने सांगतो त्याला. बाजारात गेलो, विसरलो.”

विसरले. कोंडलेल्या धुरानेच नळी उडवली, आणि परत येऊन, लोक जमायच्या आधी, ते फडकं काढून खिशात घातलं, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं कदाचित. पण आठ महिने माझ्या घशात तो एकच शब्द अडकला होता.

“म्हणा, तो निष्काळजी नव्हता,” मी म्हटलं. “इथे. गाडीसमोर.”

ते गाडीजवळ आले. मला वाटलं, म्हणतील. पण साठ वर्षांचा ताठा तो. त्यांनी बॉनेटच्या कडेला हात टेकला, उघड्या पाइपासमोर वाकले आणि म्हणाले, “माझं चुकलं, मान्य. पण नळी त्यानेही नीट बसवायला हवी होती. पोरगा होताच निष्—”

पाइपाने श्वास आत घेतला. एकदाच, लांब. माझ्या शर्टाची बाही त्या बाजूला ओढली गेली. बाबांचं तोंड शब्दाच्या आकारात उघडंच राहिलं आणि त्यातून काही आलं नाही. वर स्वयंपाकघरात आईच्या हातून काहीतरी पडलं.

मी मुठीकडे पाहिलं. तळव्यावर सिमेंटची भुकटी होती. फडकं नव्हतं.

डॉक्टरांनी बाबांच्या घशात दुर्बीण घालून पाहिलं, दोनदा. आत काही नाही, स्वरतंतू ठीक आहेत, धक्का बसला असेल म्हणाले. गाडी मी विकू दिली नाही. सहा फडकी खिळ्यांवर आहेत, रोज मोजतो. सकाळी बाबा चूळ भरतात तेव्हा बेसिनमध्ये एखादा लाल दोरा सापडतो, कधी सिमेंट लागलेला. आई नळ सोडून तो वाहून घालवते.

त्या दुपारपासून बाबा एक शब्द बोललेले नाहीत.