मुक्या नळीतलं पाणी

दुपारची कामं उरकून चिझुरु शेगडीपाशी बसली आणि 'शो' हे वाद्य निखाऱ्यांवर हळूहळू फिरवू लागली. सतरा बांबूनळ्यांचं हे फुंकवाद्य शेकल्याशिवाय नीट वाजत नाही. श्वासाच्या ओलीने आतल्या, सूर काढणाऱ्या धातूच्या जिभल्या जड होतात. जपानमधल्या नारा शहराच्या या गल्लीत ते घडवणारे शेवटचे कारागीर म्हणजे तिचे बाबा. ते वसंतात गेले आणि हे एवढं एक वाद्य अर्धवट मागे राहिलं. तिने ते हट्टाने पुरं केलं. उद्या सकाळी देवळाच्या उत्सवात ते वाजलं, तर बाबांचं नाव राहणार होतं. नाहीतर ते कायमचं पेटीत बंद होणार होतं.

उद्या ते वाजवणारे म्हातारे कुरामोची पारख करायला आले होते. चहाचा पेला ओठांशी नेता नेता ते थांबले.

"पोरी, मुकी बोलतेय."

सतरातल्या दोन नळ्या मुक्या, नुसत्या शोभेच्या. त्यांना जिभली नाही, बूडही बंद. फुंकर आत जायला वाटच नाही. त्यातली एक बारीक गुणगुणत होती.

"मधली चीर उघडी, टोक उघडं. ऊब आरपार गेली की गाते, काका. बाबा तरी कुठे गप्प बसायचे?" चिझुरु हसली आणि तिने टोकात मेणाचा बोळा घट्ट बसवला.

सूर थांबला नाही. एक सप्तक खाली उतरला.

एका तोंडाने बंद केलेली नळी तेवढीच खाली बोलते, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. पण आता उबेला वाट नव्हती. तिने वाद्य शेगडीवरून उचललं आणि गार खिडकीशी नेलं.

सूर चालूच. एक लांब, दोन आखूड, मग बराच वेळ काही नाही. बाबांच्या उशाशी चार महिने बसून तिने त्यांचे श्वास असेच मोजले होते.

कुरामोचींनी पेला खाली ठेवला. "पेटीत घाल."

"नाही. उद्या वाजणार म्हणजे वाजणार." तिला भीती वाटत होती, पण राग त्याहून जास्त आला होता. ती नळीपाशी वाकली. "बाबा, उद्याचा दिवस कळ काढा. तुमचंच काम आहे."

नळी गप्प झाली.

सकाळी वाद्य कुठेही न अडखळता वाजलं. कुरामोचींनी ते दोन्ही हातांनी परत दिलं आणि मान खूप खाली लववली.

घरी येऊन तिने रिवाजाप्रमाणे एकेक नळी काढून झटकली. पंधरांमधून कुरामोचींच्या श्वासाचं पाणी पडलं, वाटेत गार झालेलं. दुसरी मुकी कोरडी होती. मग तिने मेणाचा बोळा काढला आणि काल गुणगुणलेली नळी तळहातावर उलटी केली.

पाणी कोमट होतं.